तांब्याच्या पत्र्यावरच्या रेघा

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर एक काम करा. स्वयंपाकघरातले एखादे जुने ताट किंवा पातेले हातात घ्या आणि त्याच्या काठावर नीट पाहा. तिथे बहुधा कोणाचे तरी नाव असेल. तुमच्या आजोबांचे, अम्मीचे किंवा लग्नात आहेर करणाऱ्या एखाद्या खालाजानचे. नावाखाली 'सप्रेम भेट' असेही लिहिलेले असेल. ते नाव कोणी घातले, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला आहे का? बहुतेक पडला नसेल. भांड्यावरचे नाव वाचतात, ते घालणाऱ्याचे नाव कोणी विचारत नाही.

माझे अब्बा हेच काम करत. नाशिकच्या भांडीबाजारात एका दुकानाच्या ओट्यावर त्यांची जागा होती. अंथरायला गोणपाट, एक छोटी हातोडी, पाच-सहा छिन्न्या आणि तेल लावलेला दगड, एवढाच त्यांचा संसार. गिऱ्हाईक दुकानातून भांडे विकत घेई आणि ओट्यावर येऊन नाव सांगे. अब्बा नाव विचारून घेत, मग पुन्हा एकदा म्हणून दाखवायला सांगत आणि मगच छिन्नी उचलत. देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तिन्ही लिप्यांत ते नाव घालत. शाळेत मात्र ते चौथीपर्यंतच गेले होते.

लहानपणी मी त्यांच्याजवळ बसून पाहत असे. एकदा मी हट्टाने छिन्नी हातात घेतली. सरळ रेघ जमली, पण वळण आले की छिन्नी घसरायची. अब्बा हसले. ते घरात उर्दूच बोलत, पण त्यांचे म्हणणे मी तुम्हाला मराठीत सांगतो. ते म्हणाले, "बेटा, अक्षर वळलं की हात नाही वळवायचा. हात आहे तिथेच राहू द्यायचा, भांडं फिरवायचं."

हे वाक्य लक्षात ठेवा. ते मला पुढे फार दूरच्या ठिकाणी पुन्हा भेटणार आहे.

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला आजही जड जाते. मी आठवीत होतो. साल १९७८. शाळेत नवे मित्र मिळाले होते. कोणाचे वडील वकील, कोणाचे सरकारी नोकरीत. एका संध्याकाळी आम्ही चौघे भांडीबाजारातून चाललो होतो. अब्बांचा ओटा जवळ आला. अब्बांनी मान वर केली आणि मला पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आले. मी मान वळवली आणि समोरच्या दुकानातल्या बंबाकडे पाहू लागलो. डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला दिसले, की अब्बांनी मान खाली घातली. त्यांनी मला हाक मारली नाही. ठक् ठक् ठक् असा हातोडीचा आवाज पुन्हा सुरू झाला. रात्री जेवताना ते या गोष्टीबद्दल काही बोलले नाहीत. पुढेही कधी बोलले नाहीत.

माझ्याकडे तेव्हा एक पितळी डबा होता. त्याच्या झाकणावर अब्बांनी माझे नाव उर्दूत घातले होते. दुसऱ्या दिवसापासून मी तो डबा शाळेत नेला नाही.

पुढे मी शिकलो, चित्रकलेचा शिक्षक झालो. भांडीबाजारात विजेवर चालणारी नाव घालायची यंत्रे आली. अब्बांची नजरही मंदावली होती, म्हणून त्यांनी काम बंद केले. २००३ साली ते गेले.

२०१६ च्या मे महिन्यात मी लंडनला गेलो. माझी धाकटी बहीण तिथे राहते. तिने मला राणीचा राजवाडा दाखवला, नदी दाखवली, घड्याळाचा मनोरा दाखवला. मला मात्र ब्रिटिश म्युझियम पाहायचे होते. हे संग्रहालय १७५३ साली स्थापन झाले आणि १७५९ पासून लोकांसाठी खुले आहे. आत जायला तिकीट नाही. सारी गर्दी इजिप्तच्या ममींभोवती असते. पण वरच्या मजल्यावर एक वेगळाच विभाग आहे, तो छापचित्रांचा आणि रेखाटनांचा. तिथे वीस लाखांहून जास्त छापचित्रे जपून ठेवली आहेत. सगळी भिंतीवर लावणे शक्य नाही, आणि उजेडाने कागद खराबही होतो. म्हणून ती पेट्यांत असतात. आधी वेळ ठरवून गेले आणि कोणती चित्रे पाहायची ते सांगितले, की पेटी आपल्यासमोर टेबलावर आणून ठेवतात. त्यासाठी मोठा विद्वान असावे लागत नाही. नाशिकच्या शाळेतला चित्रकलेचा मास्तरही चालतो!

या पेट्यांचीही गंमत आहे. कापड लावलेली, पुस्तकासारखी उघडणारी ही पेटी सोलँडर नावाच्या माणसाने काढली, असे म्हणतात. अठराव्या शतकात तो याच संग्रहालयात नोकरीला होता. आज जगभर अशा पेट्या वापरतात आणि त्यांना 'सोलँडर' असेच म्हणतात.

खोलीत शांतता होती. शाईचे पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. मी हात धुऊन, अंगठी काढून बसलो. पहिले चित्र समोर आले. जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग गावच्या आल्ब्रेख्त ड्यूररने १५१४ साली केलेले. तुमच्या वहीच्या पानाएवढेच. एक म्हातारा विद्वान आपल्या खोलीत टेबलाशी बसून लिहितो आहे. हा संत जेरोम, बायबलचे लॅटिन भाषांतर करणारा. त्याच्यापुढे जमिनीवर एक सिंह पेंगतो आहे आणि शेजारी कुत्रा झोपला आहे. छताला मोठा भोपळा टांगलेला, भिंतीवर वाळूचे घड्याळ, बाकाखाली सपाता. खिडकीच्या गोल गोल काचांतून ऊन आत येते आणि भिंतीवर त्या काचांची सावली पडते. हे सगळे फक्त काळ्या रेघांनी केलेले! राखाडी रंग कुठेच नाही. रेघा दाट केल्या की सावली, विरळ केल्या की ऊन. मी भिंग लावून पाहिले तेव्हा ऊन नाहीसे झाले आणि नुसत्या रेघा उरल्या. भिंग बाजूला केले, की ऊन परत आले. मी हा खेळ किती वेळ खेळत होतो कोणास ठाऊक.

तुम्ही विचाराल, हे चित्र छापले कसे? तांब्याचा गुळगुळीत पत्रा घेतात. त्यावर पोलादी टोकाच्या हत्याराने रेघा कोरतात. हे हत्यार तळहातात धरून पुढे रेटायचे असते. त्याने नांगराच्या तासासारखी बारीक चर पडते. मग सगळ्या पत्र्यावर शाई चोळतात आणि वरची शाई पुसून काढतात. चरांमधली शाई तेवढी राहते. वर ओला कागद ठेवून पत्रा दोन जड रुळांमधून काढतात. कागद चरांत दाबला जातो आणि शाई उचलून घेतो. याला म्हणतात एनग्रेव्हिंग. एका पत्र्यावरून पुष्कळ चित्रे निघतात, म्हणून ती राजालाही मिळत आणि एखाद्या बेताच्या कमाईच्या गृहस्थालाही. कागदावर बोट फिरवले तर चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाब कळतो. अर्थात, तिथे बोट फिरवू देत नाहीत.

त्या खोलीत मदतीला एक बाई होत्या. मी त्यांना विचारले, "अशी गोल वळणे त्याने कशी काढली? हत्यार घसरले नाही?" त्यांनी माझी वही टेबलावर ठेवली, तिच्यावर पेन्सिलीचे टोक टेकवले आणि दुसऱ्या हाताने वही हळूहळू फिरवली. कागदावर सुरेख वळण उमटले. त्या म्हणाल्या, "पत्रा चामड्याच्या उशीवर ठेवत. हात फारसा हलत नसे. पत्रा फिरवत."

मित्रांनो, मी काही बोललो नाही. मला एकदम नाशिकचा तो ओटा दिसला आणि ते गोणपाट दिसले. पाचशे वर्षांपूर्वीच्या जर्मन चित्रकाराला जे ठाऊक होते, तेच चौथी शिकलेल्या माझ्या अब्बांना ठाऊक होते. आणि यात नवल तरी काय? ड्यूररचे वडील सोनार होते. लहानपणी तो त्यांच्याच दुकानात काम शिकला. युरोपात एनग्रेव्हिंगची ही विद्या आली तीच मुळी सोनारांच्या नक्षीकामातून. म्हणजे भांड्यावर नाव घालणारा आणि ड्यूरर हे एकाच कुळातले झाले. ड्यूरर मोठा झाला तरी त्याने ती कोरणी टाकली नाही. मी मात्र डबा लपवला होता.

दुसऱ्या पेटीत रेम्ब्रांटची चित्रे होती. हा हॉलंडचा चित्रकार, जन्म १६०६, मृत्यू १६६९. त्याची पद्धत वेगळी, तिला एचिंग म्हणतात. यात तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर देतात आणि सुईने त्या थरावर चित्र काढतात. मेणावर सुई पेनासारखी सहज पळते. मग पत्रा तेजाबात ठेवतात. जिथे मेण निघाले आहे, तिथेच तेजाब तांबे खाते. कोरण्याचे कष्ट तेजाब करते. म्हणून एनग्रेव्हिंगमधली रेघ शिस्तीची, कवायत केल्यासारखी, तर एचिंगमधली मोकळी, आपल्या हस्ताक्षरासारखी. रेम्ब्रांटने अशी सुमारे तीनशे चित्रे केली.

त्यातले १६४३ सालचे 'तीन झाडे' हे चित्र पाहताना मला आपला पावसाळा आठवला. एका उंचवट्यावर तीन झाडे उभी आहेत, एका कोपऱ्यात पावसाच्या तिरप्या जाड रेघा आहेत आणि मागे सपाट शेतांवर उजेड पसरला आहे. डावीकडे पाण्याशी एक माणूस गळ टाकून बसला आहे. त्याला ढगांची काहीच फिकीर नाही. उजवीकडे दूर टेकाडावर आणखी एक माणूस दिसतो. भिंग लावले तर कळते, तो बसून चित्र काढतो आहे!

पत्र्यावरचे चित्र कागदावर उलटे उमटते, हे तर तुमच्या लक्षात आलेच असेल. तुम्ही उर्दू उजवीकडून डावीकडे वाचता आणि मराठी डावीकडून उजवीकडे. तेव्हा ही अडचण तुम्हाला इतरांपेक्षा लवकर समजेल. रेम्ब्रांटने १६५० साली एका शंखाचे चित्र केले. हा शंख जहाजातून पूर्वेकडच्या समुद्रातून आलेला. त्याने समोरचा शंख जसा दिसला तसाच पत्र्यावर काढला, आणि कागदावर त्याचे वळसे उलट्या दिशेने आले. निसर्गात तसा शंख नसतो. सही मात्र त्याने आठवणीने पत्र्यावर उलटी केली होती, म्हणून ती कागदावर बरोबर वाचता येते. मोठी माणसेही कशी गमतीची असतात!

आणखी एक चित्र सांगतो. हर्क्युलिस सेगर्स नावाच्या दुसऱ्या एका चित्रकाराचा कोरलेला पत्रा रेम्ब्रांटच्या हाती आला. त्यावर एक देवदूत आणि एक तरुण अशा दोन मोठ्या आकृती होत्या. रेम्ब्रांटने त्या खरवडून, घासून काढल्या आणि तिथे झाडे व छोटे प्रवासी काढले. पण तांबे सहजासहजी विसरत नाही. त्या झाडांच्या पानांत आजही देवदूताच्या पंखाची रेघ दिसते. हे पाहून मला अब्बांच्या हातची एक चूक आठवली. एका लग्नाच्या हंड्यावर त्यांनी एक मात्रा जास्त घातली होती. हंडा मागून ठोकून, वरून घासून त्यांनी नाव पुन्हा घातले. गिऱ्हाइकाला काही कळले नाही. पण अब्बांनी स्वतःच त्याला ती जुन्या मात्रेची सावली दाखवली आणि मजुरी घेतली नाही. त्या दिवशी अम्मी त्यांच्यावर रागावली होती. घरात पैशांची ओढ होती, तेव्हा तिचेही चुकले असे मला वाटत नाही.

रेम्ब्रांटच्या या चित्रांची चोरीही झाली होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉबर्ट डायटन नावाचा एक व्यंगचित्रकार संग्रहालयात नेहमी येई. गोड बोलून त्याने अधिकाऱ्याशी दोस्ती केली होती. चित्रे पाहता पाहता तो हळूच काही काढून नेई. १८०६ साली एका व्यापाऱ्याने त्याच्याकडून रेम्ब्रांटचे एक निसर्गचित्र विकत घेतले आणि संग्रहालयातल्या प्रतीशी ताडून पाहायला तो तिथे गेला. पाहतो तर संग्रहालयातली प्रत जागेवर नाही! चोरी उघड झाली. पुष्कळ चित्रे परत मिळाली, पण त्या अधिकाऱ्याची नोकरी गेली. त्यानंतर १८०८ साली या चित्रांची व्यवस्था वेगळी करण्यात आली. मी बसलो होतो तो विभाग अशा रीतीने एका चोरामुळे नीट झाला.

आता तुमच्या आमच्या देशाशी जोडलेला भाग सांगतो. १५८० साली गोव्याहून काही ख्रिस्ती पाद्री बादशाह अकबराच्या भेटीला फतेहपूर सिक्रीला पोहोचले. त्यांनी अँटवर्प शहरात छापलेले बायबलचे मोठे खंड नजर केले. त्यांत एनग्रेव्हिंगची चित्रे होती. अशी आणखीही छापचित्रे दरबारात येत गेली आणि मोगल चित्रकार ती बारकाईने पाहू लागले. त्यांत अबुल हसन नावाचा एक मुलगा होता. शाहजादा सलीमच्या पदरी असलेल्या आका रिझा या चित्रकाराचा हा मुलगा. ड्यूररच्या १५११ सालच्या एका छोट्या एनग्रेव्हिंगमध्ये हात जुळवून शोक करणारा एक तरुण आहे. तेवढीच आकृती अबुल हसनने १६०० साली कागदावर उतरवली. वस्त्राच्या चुण्या, बोटांची गुंफण, चेहऱ्यावरचे दुःख, सगळे आले आहे. त्या वेळी त्याचे वय किती होते, ठाऊक आहे? बारा-तेरा वर्षे. म्हणजे तुमच्याच वयाचा! त्याने चित्रावर आपल्या नावाबरोबर बापाचेही नाव लिहिले आहे. हाच मुलगा पुढे जहांगीर बादशाहाकडून 'नादिर-उज़-ज़मान' हा किताब मिळवता झाला. त्याचे ते चित्र ऑक्सफर्डच्या अॅश्मोलियन संग्रहालयात आहे. मी त्याची फक्त छापील प्रत पाहिली आहे. पण ड्यूररचे ते मूळ एनग्रेव्हिंग मात्र त्या दिवशी माझ्यासमोर होते. तळहाताएवढे चित्र, पण न्यूरेंबर्गहून निघून केवढा प्रवास करून ते एका मुलाच्या हातात पडले असेल!

हा प्रवास एकाच बाजूने झाला नाही. डच व्यापाऱ्यांची वखार सुरतेला होती आणि मोगल चित्रे जहाजांतून हॉलंडला जात. रेम्ब्रांटने ती पाहिली आणि पन्नाशीच्या सुमारास आपल्या हाताने त्यांची रेखाटने केली. त्यांतली वीसच्या वर आजही टिकून आहेत. एका रेखाटनात चार वृद्ध झाडाखाली बसून बोलत आहेत. ते याच ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तशाच एका मोगल चित्राचा भाग व्हिएन्नाच्या शोनब्रून राजवाड्यात एका दालनाच्या भिंतीत बसवलेला आहे. १६५६ साली रेम्ब्रांटने घरासमोर जमिनीवर बसलेल्या पाहुण्यांचे एक एचिंग केले. त्यातली बैठक अगदी त्या चार वृद्धांसारखी आहे. त्याच वर्षी तो कर्जात बुडाला होता आणि त्याच्या घरातल्या वस्तूंची यादी होत होती. अबुल हसनने ड्यूररकडून घेतले, रेम्ब्रांटने मोगल चित्रकारांकडून घेतले. त्या मोगल चित्रकारांची नावे मात्र त्याला ठाऊक नसतील.

वेळ संपली. पेट्या बंद झाल्या. खाली उतरताना बहिणीने विचारले, "भाईजान, डोळे का लाल झालेत?" मी म्हणालो, "भिंगाने." तिने माझ्याकडे पाहिले आणि पुढे काही विचारले नाही. ती अब्बांचीच मुलगी.

नाशिकला परतल्यावर मी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. अम्मीने तो पितळी डबा जुन्या चादरीत गुंडाळून ठेवला होता. झाकण चिंचेने घासले. माझे नाव चकाकू लागले. नावाच्या शेवटी 'नून' आहे. त्या नूनची वाटी भिंगाखाली पाहिली. कुठेही खाच नाही, कुठेही अडखळण नाही. झाकण हळूहळू फिरवलेले होते.

घरात छपाईचे साहित्य होतेच. मी झाकणावर काळी शाई चोळली, तळहाताने पुसली, वर ओला कागद ठेवला आणि चमच्याच्या पाठीने बराच वेळ घासत राहिलो. कागद उचलला तेव्हा रेघा फिकट उमटल्या होत्या, पण उमटल्या होत्या. नाव उलटे आले होते. मी कागद पलटवून खिडकीच्या काचेवर धरला. बाहेरच्या उजेडात ते उजवीकडून डावीकडे नीट वाचता आले.